व्यवसाय: गृहिणी

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात तारामती निकमच्या रागाला न भिणारा माणूस शोधून सापडायचा नाही. भाजीवाल्यानं पिशवीच्या तळाशी दोन किडकी वांगी सरकवली, तर ती भर गल्लीत पिशवी उपडी करून एकेक वांगं त्याच्या नाकासमोर धरायची. पण तो राग घटकाभराचा. दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायलाही तीच जायची. २००६च्या ऑगस्टात विमा कंपनीचा जाडजूड लिफाफा घरी आला आणि त्यानंतर तिला जो राग आला तो मात्र घटकाभराचा नव्हता. तो तिच्या सबंध आयुष्याचा होता, आणि इतकी वर्षं तो कुठे दडून बसला होता याचंच नवल.

लिफाफा प्रज्ञानं उघडला. प्रज्ञा तिची एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. जन्म पठाणकोटच्या लष्करी इस्पितळातला आणि शाळा जयपूरची, त्यामुळे मराठी बोलता बोलता ती कधी हिंदीत उतरायची ते तिचं तिलाही कळायचं नाही. इंग्रजी मात्र घडाघड वाचायची. तारामती सातवी पास, आणि विम्याचे कागद इंग्रजीत. तेव्हा प्रज्ञा वाचणार आणि आई कणीक मळता मळता ऐकणार, अशी व्यवस्था होती. बॉण्डच्या मागे अर्जाची प्रत टाचलेली होती, म्हणजे विमा मागताना कंपनीला जो फॉर्म भरून दिला होता त्याची नक्कल. प्रज्ञा वाचत गेली आणि मध्येच अडली.

"आई, इथे तुझ्या कामाच्या जागी हाउसवाइफ लिहिलंय."

"म्हंजी?"

"गृहिणी. मतलब तू घरीच असतेस. आणि इनकमच्या जागी निल. मतलब तू कुछ नहीं कमाती, असं."

तारामतीचा हात परातीत थांबला. "फुडं वाच."

"पुढे विचारलंय, गेल्या पाच वर्षांत काही ॲक्सिडेंट, हड्डी टूटना वगैरे. तिथे नो लिहिलंय." प्रज्ञानं आईच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. "पण आई, साइन तर तुझीच आहे."

सही तिचीच होती. आणि ती सही केली तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या क्षणी.

आता हा हात गळ्यात कसा आला ते सांगितलं पाहिजे, कारण विमा त्यातूनच निघाला. तारामतीचे यजमान उत्तमराव हे पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग जयपूरचं. साताऱ्याकडच्या गावी भावकीच्या वाटणीत हाताला लागेल असं काही उरलं नव्हतं, आणि मुलीची शाळा इथं सुरू होती, म्हणून मुरलीपुऱ्यात तीन खोल्या बांधून ही मंडळी इथलीच झाली. पेन्शनीत घर चालत होतं, पण ओढून ताणून. २००१ साली तारामतीनं सफाईचा धंदा सुरू केला. सुरुवात एका कोचिंग क्लासच्या पाण्याच्या टाकीपासून. आधीची माणसं टाकीत वरून दोन बादल्या ओतायची आणि पैसे घेऊन जायची. ही पदर खोचून आत उतरली, भिंतींवरचा खार खरवडून काढला, तळाचा गाळ घमेल्यानं वर दिला, ब्लीचिंगनं धुतलं आणि टाकी कोरडी खडखडीत पुसून बाहेर आली. क्लासवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गखोल्या पण तुम्हीच घ्या म्हणाला.

पाच वर्षांत तिच्या हाताखाली अकरा बायका झाल्या. चार दफ्तरं, म्हणजे ऑफिसं, दोन कोचिंग क्लास, एक दातांचा दवाखाना आणि जवाहर नगरच्या तीन सेक्टरांतल्या टाक्या. तिची एक रीत होती. नवीन जागा घेतली की पहिले आठ दिवस तिथले संडास ती स्वतः धुवायची. मालकीणच हात घालते म्हटल्यावर बाकीच्या बायकांना नाक मुरडायला तोंड राहत नसे. त्यातली रमा म्हणून एक होती, चुणचुणीत, तिला तारामती हळूहळू सगळं शिकवत होती.

एप्रिलमध्ये जवाहर नगरात तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीची लोखंडी शिडी गंजलेली निघाली. वरची पायरी तुटली आणि तारामती गच्चीवर आदळली. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. ती आतल्या बाजूला पडली. बाहेरच्या बाजूला पडली असती तर ही गोष्ट एवढी लांबली नसती.

सहा आठवडे ती खाटेवर होती आणि त्या सहा आठवड्यांत तिला कळलं की धंदा म्हणजे ती एकटी आहे. दातांच्या दवाखान्यात नव्या बाईनं संगमरवरावर ॲसिड ओतलं, फरशी पांढरीफटक पडली, काम गेलं. फोन वाजायचा आणि उत्तमराव रिसीव्हरवर हात ठेवून विचारायचे, "काय सांगू?" कुठल्या फरशीला काय लावायचं, कुठल्या दफ्तराची किल्ली कुणाकडं, यातलं त्यांना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मग खाटेवर पडल्या पडल्या तिनं विचार केला, की आपण मेलो असतो तर? प्रज्ञाच्या नर्सिंगची तीन वर्षं अजून जायची होती. दफ्तरवाले दोन-दोन महिने उशिरा पैसे देतात, तोवर अकरा बायकांनी काय खायचं? रमाला बस्तान बसवायला निदान तीन महिने लागणार. एवढं भागेल इतका विमा आपल्या जिवावर हवा, आणि त्यातून राहिलं तर यांना. हा हिशेब तिनं कुणा सल्लागाराला विचारून केला नव्हता, आणि एखाद्या सल्लागाराला तो याहून नीट जमला असता असंही नाही.

विमा म्हटलं की जयपूरच्या मराठी मंडळात एकच नाव, नंदकिशोर आपटे. बँकेतून निवृत्त, मालवीय नगरात बंगला, मंडळाचे कार्यवाह आणि एका विमा कंपनीचे एजंट. उत्तमरावांचे दोन विमे त्यांनीच काढले होते. शिवाय फौजेतला एक होताच. म्हणजे घरी बसून पेपर वाचणाऱ्या माणसाच्या जिवाला तीन विमे, आणि टाकीत उतरणारीच्या जिवाला एकही नाही. यात कुणाला काही खटकलं नव्हतं, तारामतीलाही नाही.

नंदकिशोर घरी आले. तारामतीनं एका हातानं थालीपीठं थापून वाढली. खाता खाता तिनं त्यांना सगळं सांगितलं, धंदा काय, टाक्या किती, खांदा कसा मोडला. ते मान डोलावत राहिले. मग त्यांनी फॉर्म काढला, पेन्सिलीनं सात ठिकाणी फुल्या मारल्या आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त या फुल्यांवर सह्या करा. बाकीचं मी घरी निवांत भरतो. तुम्हाला कशाला त्रास?" मंडळातल्या निम्म्या घरांचे विमे असेच निघाले होते. बँकेत उभी हयात काढलेला माणूस, आपला माणूस, मराठी माणूस. कोऱ्या फॉर्मवर सही देणं म्हणजे विश्वास, आणि भरलेला फॉर्म आधी वाचायला मागणं म्हणजे अपमान, असा तिथला शिरस्ता होता. तारामतीनं सात सह्या केल्या.

लिफाफा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून ती मालवीय नगरला गेली. नंदकिशोरांच्या पत्नी वासंतीबाईंनी दार उघडलं. "या, या सुभेदारीणबाई!" मंडळात तिला सगळे असंच म्हणायचे. तिच्या धंद्याचा उल्लेख कुणी करत नसे, घरातल्या एखाद्या आजारपणाचा करू नये तसा.

तारामती बसली नाही. कागद टीपॉयवर टाकून म्हणाली, "भाऊजी, ह्ये काय लिवलंया?"

नंदकिशोरांनी चष्मा लावला, प्रत पाहिली आणि हसले. "अहो, असंच लिहितात वहिनी. काळजीचं काही नाही."

"असंच म्हंजी खोटंच?"

"खोटं काय त्यात? तुम्ही गृहिणी नाही का? घर नाही सांभाळत?" मग ते जरा पुढे झुकले. "हे बघा, सफाईचं काम लिहिलं की कंपनी शंभर प्रश्न विचारते. टाकीत उतरता म्हटलं की हप्ता वाढवते. खांद्याचं लिहिलं की डॉक्टर, एक्स-रे, सगळं आलं. तुमचाच त्रास वाचवला मी. गृहिणीला विमा जरा कमी मिळतो, पण मिळाला ना?"

"आन् मी मेले तर?"

"शुभ बोला हो!" वासंतीबाई म्हणाल्या.

"इमा काय शुभ बोलायला काढत्यात व्हय, वैनी? मी टाकीवरनं पडून मेले, तर कंपनीचा माणूस इचारील का न्हाई, की गृहिणी लोकांच्या गच्चीवर कशापायी चढली हुती? काय सांगंल माझी प्रज्ञा त्याला?"

नंदकिशोर जरा गंभीर झाले. "हे बघा, दोन वर्षं उलटली की कंपनीला फारसं काही उकरून काढता येत नाही. तेवढी दोन वर्षं काढा, झालं."

"दोन वरसं मरायचं न्हाई, असं ठरवू का मी?"

तारामतीनं वासंतीबाईंकडं पाहिलं. "गेल्या दिवाळीला तुमची टाकी धुतली, वैनी. तवा आत कोण उतरली हुती, गृहिणी का?"

वासंतीबाई चहाचं निमित्त करून आत गेल्या. नंदकिशोरांचा आवाज आता बदलला. माणूस वाईट नव्हता, पण आपल्यावर आलेलं दुसऱ्यावर लोटायची घाई त्याला झाली होती. "वहिनी, सगळं माझ्यावर ढकलू नका. उत्तमरावांनीच फोन केला होता मला. म्हणाले, घरच्या बाईचं प्रकरण आहे, कागद दहा ठिकाणी फिरतो, सफाई-बिफाई काही लिहू नका. आता यजमानांनीच सांगितल्यावर मी काय करणार?"

तारामतीनं कागद उचलले. परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली होती तरी ती उभी राहिली.

उत्तमरावांनी तिला धंद्यात कधी अडवलं नव्हतं, हे खरं. खांदा मोडला तेव्हा सहा आठवडे स्वयंपाक त्यांनी केला, हेही खरं. रोज सकाळी स्कूटरवर तिला कामावर सोडायचे. फक्त इमारतीच्या अलीकडच्या वळणावर सोडायचे. बादल्या, ब्रश, नळीचं भेंडोळं घेऊन ती उरलेला रस्ता चालायची. पाच वर्षं तिला वाटत होतं, गाडी वळवायला तिथं सोपं पडतं.

घरी ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. तिनं चपला न काढताच विचारलं, "आपट्यांना फोन तुमी केला हुता?"

पेपर खाली आला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "केला हुता."

"कशापायी?"

"तारे, इचार कर. माझ्या हाताखाली दोनशे माणूस हुतं. पलटणीत सफाईवाला येगळा असायचा, त्याचा तंबू येगळा, त्याचं भांडं येगळं. आन् आता सरकारी कागदावर लिवून देऊ, की सुभेदार निकमाची बायको लोकांचे संडास धुती? आपण मराठं हाय."

"धुती ते चालतं. लिवलेलं चालत न्हाई."

"मी तुला कदी अडवलं का?"

"न्हाई अडवलं," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "कशाला अडवाल? त्याच पैशानं तुमच्या स्कूटरीत पेट्रोल पडतं. पोरीची फी त्याच पैशानं भरली. पैशाला वास न्हाई, माझ्या नावाला तेवढा वास! मी मेले असते, तर माझी पोरगी कंपनीच्या दारात उभी राहिली असती आन् तिला सांगितलं असतं, जा, तुझी आई खोटारडी हुती. सही तिची हाय. तवा तुमी काय सांगणार हुता? माझ्या इभ्रतीपायी लिवलं म्हनून?"

उत्तमरावांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. झालं ते झालं." आणि ते अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. संध्याकाळी उशिरापर्यंत ते आत आले नाहीत, आणि तारामतीनंही जेवायला हाक मारली नाही. हाक प्रज्ञानं मारली.

पंधरा दिवसांच्या आत बॉण्ड परत करता येतो, असं प्रज्ञाला कागदात सापडलं होतं. पाचव्या दिवशी तारामती कंपनीच्या शाखेत गेली. काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, राजस्थानी, बोलायला नीट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपका अपना काम है, तो फर्म किसके नाम है? रिटर्न कौन भरता है?"

इथं तारामती पहिल्यांदा अडखळली. फर्मचं नाव उत्तम सर्व्हिसेस. ते तिनंच सुचवलं होतं. माजी सैनिकाचं नाव असलं की दफ्तरवाले लवकर दार उघडतात, शिवाय यजमानांचं नाव पाटीवर लागल्याचा तेव्हा तिलाच केवढा आनंद झाला होता. खातं त्यांचं, पॅन कार्ड त्यांचं, रिटर्न त्यांचं.

"मालिक का नाम?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि उखाण्याबाहेर तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. फोनवरसुद्धा ती "सर्व्हिसवाली बोल रही हूँ" एवढंच म्हणायची. आता ती स्पष्ट म्हणाली, "उत्तमराव सदाशिव निकम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "फिर तो, माताजी, कागज़ पर आपकी कोई आमदनी है ही नहीं. एजेंट ने गृहिणी लिखा, तो कागज़ के हिसाब से गलत नहीं लिखा."

असा घाव तिला खांद्याच्या वेळीही बसला नव्हता. ती ज्याला खोटं म्हणत भांडत होती ते कागदावर खरं होतं, आणि ते खरं करायला तिचाही हात लागला होता. स्वतःचा राग आला की माणसाला तो कुणावर काढावा ते कळत नाही. ती काउंटरला धरून तशीच उभी राहिली. मॅडमनी पाणी दिलं आणि काय काय लागेल ते सांगितलं. फर्म तुमच्या नावावर करा, पॅन कार्ड काढा, ज्यांची कामं करता त्यांची पत्रं आणा, आणि आजवर हा धंदा खरा कुणी केला याचं तुमच्या यजमानांच्या हातचं निवेदन आणा. मग नवा अर्ज. पण हा बॉण्ड परत केलात तर नवा मिळेपर्यंत विमा नाही, आणि नवा मिळेलच याचीही खात्री नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

"ठेवून घ्या," तारामती म्हणाली, आणि बॉण्ड काउंटरवर सरकवला.

उत्तमराव काही फर्म सोडायला तयार होईनात. आपट्यांचाही फोन आला, हातातलं घालवून बसाल म्हणून. उत्तमराव म्हणाले, "तुझंच हाय की सगळं. कागदावर माझं असलं तर काय बिघडलं?"

"बरं," तारामती म्हणाली. "मालक तुमी ना? मग जावा उद्यापासून कामाला."

त्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, आंघोळ करून गहू निवडत बसली. रमाला तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की ठरल्या जागी झाडू-पोछा करा, पण अडलं की फोन साहेबांना. साडेसातला पहिला फोन आला. तारामतीनं उचलला, ऐकला आणि रिसीव्हर पुढे केला. "मालकांना इचारत्यात."

कोचिंग क्लासचा मॅनेजर होता. दुसऱ्या मजल्यावरचा संडास तुंबलाय, पोरं यायच्या आत माणूस पाठवा. उत्तमराव "जी, जी" करत राहिले. फोन ठेवून त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती गव्हातले खडे काढत होती.

"कुणाला पाठवू?"

"मला काय ठाव? मी गृहिणी."

त्या दिवशी नऊ फोन आले. दुसऱ्या दिवशी चौदा. कुठं ॲसिड संपलं, कुठं शिडी हवी, जवाहर नगरात टाकी रिकामी करून ठेवलेली आणि धुणारं कुणी नाही, मालक शिव्या घालतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तमराव स्कूटर काढून स्वतः गेले. काय पाहिलं, काय केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण परत आले तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत ओली होती, आणि मोरीत त्यांनी तीनदा साबण लावून हात धुतले. मग ओल्या हातानंच टॉवेल शोधत म्हणाले, "कुठं सही करायची ते सांग."

हरलेल्या माणसावर दया येते म्हणतात. तारामतीला आली नाही. दोन दिवसांत यांचे हात साबणानं धुवून झाले आणि तिचे पाच वर्षं रोज धुतले जात होते, याचं कुणाला काय होतं?

पॅन कार्ड यायला दीड महिना गेला. दफ्तरवाल्यांनी पत्रं दिली, काहींनी लगेच, काहींनी चार हेलपाटे घालायला लावून. या सबंध काळात तिच्या जिवाला कसलाही आधार नव्हता आणि ती रोज शिडी चढत होती. ऑक्टोबरात दोघं मिळून शाखेत गेले.

मॅडमनी उत्तमरावांसमोर कोरा कागद ठेवला. "सूबेदार साहब, अपने हाथ से लिखिए. काम किसका है, कब से है, क्या-क्या काम होता है."

उत्तमरावांचं अक्षर सुरेख. त्यांनी हिंदीत लिहिलं, की २००१पासून हा व्यवसाय माझ्या पत्नीचा असून माझं केवळ नाव होतं. कामाचं स्वरूप म्हणून लिहिलं, फरशी, काचा, पाण्याच्या टाक्या इत्यादी.

तारामती खांद्यावरून वाचत होती. "इत्यादी म्हंजी?"

"बाकीचं समदं आलं की त्यात," ते पुटपुटले.

"न्हाई आलं. लिवा."

मागं रांगेत सात-आठ माणसं होती. उत्तमरावांनी एकवार मागं पाहिलं. मग 'इत्यादी' खोडून त्यांनी वर बारीक अक्षरात लिहिलं, शौचालय.

मॅडमनी वाचलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. "ये सब खुद करती हैं, या सिर्फ़ देखरेख? देखरेख लिख देंगे तो किस्त कम बैठेगी."

उत्तमरावांचा चेहरा उजळला. मराठीत हळूच म्हणाले, "देखरेख लिवतो. पुरतं खोटं बी न्हाई. बायकांवर तूच बघतीस की." आणि क्षणभर, खरं सांगायचं तर, तारामतीही डळमळली. वाढलेला हप्ता वर्षानुवर्षं तिलाच भरायचा होता, आणि सुटकेचा हा रस्ता कुणी आपटे दाखवत नव्हते, खुद्द कंपनीचा माणूस दाखवत होता. तिनं काउंटरवरचे आपले हात पाहिले. ब्लीचिंगनं बोटांची सालं गेलेली.

"खुद," ती मॅडमना म्हणाली. मग नवऱ्याकडं वळून, "माझ्या हातानं करती, असं लिवा."

त्यांनी लिहिलं. सही केली, आणि सवयीनं सहीखाली हुद्दा घातला, सुभेदार, निवृत्त. तो तिनं राहू दिला.

उत्तर यायला तीन आठवडे लागतील, मंजूर होईलच असं नाही, असं सांगून मॅडमनी पोच दिली. दोघं जिना उतरून खाली आले. उत्तमरावांनी स्कूटरची किल्ली काढली, पण लावली नाही. "झालं का आता तुझ्या मनासारखं?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा स्वर असा होता, की आता तरी हिचा राग उतरावा.

"मनासारखं कशाचं?" तारामती म्हणाली. "पाच वरसं माझ्या अन्नावर बसलासा, आन् येवढी एक वळ लिवायला तुमास्नी आज फुरसत मिळाली. इमा मिळंल न मिळंल, कंपनीची मर्जी. उद्या सकाळी जवाहर नगरात तीन टाक्या हायत. त्यातल्या एकीवरनं पडून मेले, तर निदान कोण मेलं, तेवढं तरी आता कागदावर हाय."